कडी

सेनगावच्या पंचायत समितीत, वरच्या हॉलमध्ये
पंखा खुरडत होता,
आणि बाहेरून आलेले साधनव्यक्ती म्हणाले,
"डोळे मिटा. तुमच्या आनंदाची जागा आठवा."
आम्ही ब्याण्णव जणांनी डोळे मिटले.
मागच्या रांगेत कुणीतरी घोरलं.
मला तेवढंच खरं वाटलं.

मग फॉर्म आला.
कामाच्या ठिकाणी आपण किती आनंदी आहात?
एक ते पाच. गोल करा. काळ्या शाईनं.

माझं कामाचं ठिकाण लिंबाळवाडी.
दोन खोल्या, चार वर्ग, एक्केचाळीस पोरं,
मी आणि खिल्लारे सर.
नेटवर्क पाण्याच्या टाकीच्या तिसऱ्या पायरीवर.
तिथं चढून रोज हजेरी पाठवायची,
खिचडीचा फोटो पाठवायचा.
खालून पोरं ओरडतात, "गेला का, मॅडम?"
गेला, म्हटलं की टाळ्या.
हे आनंदात धरायचं का?

अकरा वर्षं मी शाळेत पाणी प्यायले नाही.
म्हणजे घोटभर, गोळी गिळण्यापुरतं.
कागदावर शौचालयं दोन.
एकाला दार नाही.
एकाला दार आहे, कडी नाही.
सागरबाई खिचडीचं पातेलं उतरवून
दारापाशी पाठमोरी उभी राहायची,
"मॅडम हायत आत, कुनी येऊ नका रे,"
आणि वेशीपर्यंत कळायचं, मॅडम कुठं हायत ते.
तिची माया. पण मी जाणंच सोडलं.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली,
खडा दाखवला, तुरीच्या दाण्याएवढा.
"पाणी पीत नाही का तुम्ही?"
विसरते कामात, मी म्हणाले.
शेजारी नवरा बसला होता.
तो म्हणाला, "हिचं असंच आहे."

खिल्लारे सरांशी माझं बरं नव्हतं.
बदल्यांच्या वर्षी काहीतरी झालं होतं,
ते आता दोघांनाही नीट आठवत नाही,
तरी बोलणं बंद ते बंदच.
सूचना वहीत लिहायचो एकमेकांना:
"उद्या केंद्रप्रमुख येणार." खाली सही.
"तांदूळ संपत आला." खाली सही.

पोळ्यानंतरच्या सोमवारी
दाराला कडी होती.
साधी, लोखंडी,
चार स्क्रू, त्यातला एक तिरका.
उंबऱ्याशी लाकडाचा भुसा पडलेला,
झाडायचा राहून गेलेला.
वहीत काही लिहिलेलं नव्हतं.
सरांच्या अंगठ्याला चिंधी होती
आणि हजेरीपटात त्यांनी मान घातली होती
जरा जास्तच खोल.

मी आत गेले. कडी लावली.
उगीच दोनदा काढून लावली.

त्या दिवशी साडेदहाला वर्गासमोर
तांब्या उचलला आणि प्यायले, अख्खा,
हनुवटीवरून पदर भिजेपर्यंत.
दुसरीतली दुर्पता बघतच राहिली.
"मॅडम, तुमी बी पानी पेता?"

पेते की गं, मी म्हणाले.
दुपारी वहीत लिहिलं: "भुसा झाडला आहे." खाली सही.
दुसऱ्या दिवशी त्याखाली सरांची सही होती,
आणि डब्यातली शेंगदाण्याची चटणी,
कागदाच्या पुडीत, माझ्या टेबलावर.

"वेळ संपत आली," साधनव्यक्ती म्हणाले.
घुगे मॅडमनी कोपरानं ढोसलं,
"चार कर. पाच केलं तर यशोगाथा सांगायला बोलावतेत,
दोन केलं तर समुपदेशनाला."
मी चार केलं.

मागच्या पानावर इतर सूचना, तीन रेघा.
तिथं लिहिलं: कडी एक. स्क्रू चार.
किंमत माहीत नाही, सरांनी सांगितली नाही.

मग चहा आला, सोबत पाण्याच्या बाटल्या,
माणशी एक, थंडगार.
बूच पिरगाळता पिरगाळता मी विचारलं,
"घुगे मॅडम, इथलं बायकांचं कुठंय?"
"खाली हाय. पर कुलूप हाय त्याला.
किल्ली शिपायाकडं, अन् त्यो गेलाय जेवायला."

मी बूच परत लावलं.
घट्ट.